खडपातला पंखा

समुद्रकिनाऱ्यावर वाळूतलं काही शोधायचं असेल तर पाऊस सरता सरता जावं, आणि अमावस्या नाहीतर पौर्णिमा धरून जावं. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, खालचा जुना थर उघडा पडतो, आणि दिवाळीपर्यंत समुद्र तीच वाळू परत आणून टाकतो. मधले थोडे दिवस काय ते आपले. त्यातही अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी सगळ्यात लांब जाते. हे ज्ञान मला माझ्या मिस्टरांनी दिलं, आणि त्यांना ते मोबाइलवरच्या व्हिडिओंनी दिलं. आम्ही दोघंही नाशिकची. आमचं पाणी म्हणजे गोदावरी. समुद्र आम्ही लग्नानंतर एकदा आणि मुलाच्या सहलीच्या निमित्ताने एकदा पाहिलेला.

मिस्टर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने ते माझ्या शेवंतीच्या वाफ्यांमध्ये उभे राहून मला सूचना द्यायचे. शेती माझी, फुलं माझी, पंचवटीच्या फूलबाजारात माल घेऊन जाणारी मी, आणि ठिबकच्या नळ्या कशा टाकाव्यात हे सांगणारे ते. मुलाने ओळखलं आणि पुण्याहून त्यांना एक मेटल डिटेक्टर पाठवून दिला. लांब दांडा, खाली भाकरीच्या तव्याएवढी तबकडी, कानाला हेडफोन. त्या मशीनने आमच्या घरात शांतता आणली. आमच्या सामनगावच्या शिवारात कोणाचं कानातलं पडलं, कोणाची किल्ली हरवली, की लोक यांना बोलवायचे. एकदा कांद्याच्या शेतात हरवलेलं मंगळसूत्र यांनी दुपारपर्यंत शोधून दिलं, तेव्हापासून तर गावात वजनच वाढलं.

मग तो व्हिडिओ आला. डहाणूच्या बाजूला कुठल्याशा किनाऱ्यावर वाळू कापली गेली होती आणि लोकांना काळी पडलेली जुनी नाणी सापडत होती. शेकडो वर्षांपूर्वी तिथे फिरंग्यांचं एक जहाज फुटलं म्हणे.

"जुनं काही सापडलं तर सरकारला कळवावं लागतं," मिस्टरांनी वाचून ठेवलं होतं. "खिशात घालता येत नाही."

"मग जायचं कशाला?"

"बघायला."

पितृपक्ष चालू होता. या पंधरवड्यात फुलांना भाव नसतो, घट बसले की मात्र श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून म्हटलं, चला. सर्वपित्रीला संध्याकाळी घरी पोहोचायचं, दुसऱ्या दिवशी घटस्थापना, या अटीवर.

जव्हारमार्गे

त्र्यंबक ओलांडून मोखाड्याकडे उतरायला लागलं की शेतं डोंगराच्या अंगावर चढतात. नागली आणि वरई अजून हिरवी होती, आणि मध्येमध्ये खुरासणीचे पिवळेधमक पट्टे. मी फुलं विकणारी बाई, मला तो रंग बघून हिशेबच सुचतो. पण खुरासणीचं फूल कोणी विकत घेत नाही, त्याचं तेल काढतात. मोखाड्याला चहाच्या टपरीवर एका बाईने आम्हाला नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. आमच्याकडची बाजरीची भाकरी कडक, ही मऊ आणि काळसर. मिस्टरांनी दोन खाल्ल्या.

जव्हारच्या पुढे एका नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. मागच्या सीटवरची काळी लांब पिशवी त्यांना पटेना. मिस्टरांनी ती उघडून दाखवली.

"हे काय? बॉम्ब शोधता का?"

"नाणी," मिस्टर म्हणाले.

हवालदाराने स्वतःचा बिल्ला तबकडीसमोर धरून मशीन वाजवून घेतलं, मग पट्ट्याचं बक्कल, मग खिशातल्या किल्ल्या. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी तो म्हणाला, "सापडलं तर येताना दाखवा," आणि आम्हाला सोडलं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर लोक फावडी घेऊन जातील, आणि तिथल्या माणसांना ते नको आहे. सुरूची झाडं, त्यांच्यामागे मच्छीमारांची घरं, समोर काळसर वाळूचा लांब किनारा, आणि एका बाजूला खाडीच्या तोंडाशी पाण्यात शिरलेला खडकांचा पट्टा. त्याला ते खडप म्हणतात. राहायची सोय सुनीता नावाच्या एका बाईकडे झाली. पाहुण्यांसाठी एक खोली आणि घरचं जेवण. वय तिशीच्या आसपास, बोलणं कमी, हाताला चव. तिचा नवरा प्रकाश गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर बोट फुटून गेला, हे आम्हाला ठरवून देणाऱ्या माणसाने आधीच सांगितलं होतं, म्हणून आम्ही काही विचारलं नाही.

घर एकच होतं, पण मधून नवीन भिंत घातलेली. पलीकडे सुनीताचा थोरला दीर जनार्दन आणि त्याची बायको. अंगण सामाईक, पण तिच्या दारातून पलीकडे कोणी बघत नव्हतं. फक्त म्हातारी सासू दोन्ही दारांमधून ये-जा करायची. सकाळचा चहा एकीकडे, दुपारचं जेवण दुसरीकडे.

काळी वाळू

पहिल्या संध्याकाळी आम्ही ओहोटीला उतरलो. मिस्टरांनी हेडफोन चढवले आणि लगेच काढले. मशीन अखंड कुरकुरत होतं. आमच्या शेतातल्या मातीत ते गप्प असतं आणि धातू आला की वाजतं. इथे वाळू ओली, पाणी खारट, आणि वाळूतच बारीक लोखंडी कण. जिथे रेती जास्त काळी तिथे आवाज जास्त. यांना वेळ लागला, पण बटणं फिरवून, तबकडी वाळूवर खाली-वर करून त्यांनी ते मशीन शेवटी शांत केलं. मी मागून घमेलं आणि चाळणी घेऊन. ओल्या वाळूत खड्डा केला की कडा आत ढासळतात आणि खाली पाणी भरतं; खरं कष्टाचं काम तेच.

सापडलं काय? बाटल्यांची झाकणं, जाळ्याची शिशाची वजनं, एक चमचा, आणि बरीच नाणी. पण ती आपलीच, चालू काळातली, खाऱ्या पाण्याने हिरवी-काळी पडलेली. मी ती ओट्यावर धुवायला घेतली तेव्हा सुनीता म्हणाली, "मावशी, ती परत टाका. नारळी पौर्णिमेला समुद्राला दिलेली असतात."

"आमच्याकडे गोदावरीत टाकलेली नाणी लोक काढतात. त्यावर पोट भरतात," मी म्हणाले.

"नदी गोड असते," ती म्हणाली. "हा परत मागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळी नाणी मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन टाकून आले. मिस्टरांनी काही विरोध केला नाही. आदल्या रात्रीची बोंबलांची आमटी आणि तांदळाची भाकरी त्यांना फार आवडली होती, आणि जेवण देणाऱ्या बाईशी वाद घालू नये हे त्यांना नोकरीतल्या मेसमुळे माहीत होतं. मी पितृपक्षात मासे खात नाही. माझ्यासाठी सुनीताने वालाचं बिरडं केलं होतं.

त्याच सकाळी फुटलेल्या जहाजाचंही दर्शन झालं. व्हिडिओतली जागा खाडीच्या पलीकडे होती. या बाजूला नुसते तांब्याचे काही खिळे मिळाले, हाताच्या बोटाएवढे, चौकोनी, वाकलेले. असे खिळे आता कोणी वापरत नाही म्हणे. मिस्टर ते तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. पलीकडच्या खडकांत जायचं तर अमावस्येचीच ओहोटी हवी, एरवी ती जागा उघडी पडत नाही, असं एकाने सांगितलं. म्हणजे एकच सकाळ. मिस्टरांनी लगेच नावाड्याशी बोलून ठेवलं.

जनार्दन

आम्ही परत फिरत होतो तेव्हा जनार्दन सुरूच्या झाडाखाली जाळं विणत बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. वर्षभर तो समुद्रात गेला नव्हता. दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करून भागवत होता. आपसातली त्यांची बोली मला निम्मी कळायची, पण आमच्याशी तो सावकाश, सुधारून बोलला.

"काका, या मशीनला पितळ समजतं का?"

"पितळ, तांबं, कासं, सगळं समजतं. का?"

त्याने खडपाकडे बोट दाखवलं. "तिथं माझ्या बोटीचा पंखा हाय. पाण्याखाली फिरतो तो पंखा. बोटीचं मागचं लाकूड तुटून तिथंच रुतलं. मी वर्षभर सळई टोचून बघतोय. वाळू लय होती. यंदा कापली गेली."

"भंगारात विकायचा आहे?" मिस्टरांनी विचारलं.

"नाय." त्याने जाळ्याची एक गाठ घट्ट ओढली. मग म्हणाला, "इंजिन बंद का पडलं, ते मला बघायचं हाय."

मग त्याने थोडक्यात सांगितलं. दोघे भाऊ परत येत होते. वारा उठला आणि खडपाजवळ इंजिन बंद पडलं. प्रकाश सुरी घेऊन पाण्यात उतरला, पंख्यात काही अडकलंय म्हणून. बोट खडपावर आदळून फुटली, जनार्दन पोहत आला, आणि प्रकाश दोन दिवसांनी पुढच्या गावाला सापडला.

"गावात काय म्हणतात, ठाऊक हाय? इंजिन आधीच बिघडलेलं होतं, मी दुरुस्त केलं नाय. बोट फुटली तसा मी भावाला टाकून पळालो. इंजिन नंतर काढलं, पण ते गंजून गेलेलं. भंगारात गेलं. मी म्हणतो पंख्यात दोर होता. पण म्हणतो नुसता."

मिस्टरांनी मशीन उचललं. "आता किती वेळ आहे पाणी यायला?"

"थोडा हाय."

आम्ही तिघं खडपाकडे गेलो. खडकांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात वाळू होती, गुडघ्याएवढं पाणी येऊन जाऊन होतं. मिस्टर रांगा पाडून तबकडी फिरवत होते, शेतात वाफे असतात तशा, एकीला चिकटून दुसरी. जनार्दन खडकावर उभा राहून लाटा बघत होता आणि मोठी आली की "धरा" म्हणत होता. मी मागे उभी. मशीन मध्येमध्ये चिवचिवायचं. एक खिळा निघाला, एक साखळीचा तुकडा निघाला. पाणी मांडीपर्यंत आलं तेव्हा मी म्हणाले, "अहो, पुरे आता." तेवढ्यात मिस्टर थांबले. एक पाऊल मागे गेले, परत पुढे आले. मग हेडफोन काढून त्यांनी जनार्दनच्या कानाला लावले.

आवाज मलाही ऐकू येत होता. चिवचिव नव्हती. एकसारखा, लांब, जाड आवाज.

खणायला वेळ नव्हता. पाणी जोरात भरत होतं. जनार्दनने सळई त्या जागी ठोकली आणि तिला लाल फडका बांधला. किनाऱ्यावर आल्यावर तो म्हणाला, "उद्या अमावस्या. उद्याच काय ते. परवापासून पाणी इतकं आत जाणार नाय, आणि वाळू भरायला लागली की संपलं."

उद्याची सकाळ म्हणजे खाडीपलीकडे जायची सकाळ. मला वाटलं मिस्टर कुरकुरतील, निदान विचार करतो म्हणतील. ते म्हणाले, "फावडी किती आहेत तुमच्याकडे?" आणि वाटेत नावाड्याच्या घरी थांबून त्याला नको म्हणून सांगून आले.

सुनीता

संध्याकाळी सुनीता ओट्यावर तांदूळ निवडत होती. बातमी तिला लागली होती; अशा गावात सळईला बांधलेला फडका सगळ्यांना दिसतो.

"मावशी, तुम्ही माझ्याकडे राहता आणि त्याचं काम करता?"

मी तिच्याजवळ बसले. चार दिवसांचे पाहुणे आम्ही, दुसऱ्याच्या घरात कशाला शिरलो, असं मलाही दुपारपासून वाटत होतं.

"तो काय म्हणतो ते आम्ही ऐकलं," मी म्हणाले. "तू सांग."

ती तांदळावरची नजर न काढता बोलली. "त्या आठवड्यात इंजिन दोनदा बंद पडलं होतं खाडीत. प्रकाश त्याला सांगत होता, मिस्त्री आण. मी स्वतः ऐकलं. तो म्हणतो आणला होता. कोणी बघितला? आणि तो काय पोहत आला, मावशी. बापासारखा थोरला भाऊ. दोघं गेले आणि एक चालत घरी आला. मी दारात उभी होते."

"प्रकाश पाण्यात उतरला होता म्हणतो तो."

"म्हणणारच. बघायला कोण होतं?"

आतून सासू खोकली. ऐकत होती.

मी म्हणाले, "मग निघू दे ना बाहेर. पंख्यात काही नसेल तर तुझं खरं. तुला नुसतं म्हणायची पाळी यायची नाही."

सुपातले खडे तिने अंगणात फेकले आणि उठून आत गेली. त्या रात्री जेवण तिने वाढलं, पण आमच्याशी बोलली नाही. मिस्टर म्हणाले, "नको जाऊ का मी उद्या?" मी म्हणाले, जा. मला खात्री नव्हती, तरी म्हणाले.

सर्वपित्री

उजाडता उजाडता समुद्र इतका मागे गेला होता की खडप कोरडं पडल्यासारखं दिसत होतं. सळई जागेवर होती, जरा वाकलेली. जनार्दनबरोबर त्याची बायको आणि शेजारचे काही बाप्ये-बाया घमेली घेऊन आले होते. बरेच जण नुसते बघायला आले होते, लांब उभे होते.

खणणं म्हणजे पाण्याशी भांडण. एक घमेलं काढावं तोवर अर्धं आत येतं. शेवटी एका बाईने जुन्या पिंपाचा पत्रा आणून कडेला उभा केला, तेव्हा खड्डा टिकायला लागला. मिस्टर खड्ड्यात उतरून हाताने चाचपत होते. एकदा ते म्हणाले, "लाकूड." मग जनार्दन उतरला. त्याने खांद्यापर्यंत हात वाळूत घातला आणि तसाच राहिला. पंखा हाताला लागला, हे चेहऱ्यावरून कळलं.

दोर बांधून ओढायला सगळे लागले, लांब उभे असलेलेसुद्धा. मीही दोराला हात लावला. लाटा पुन्हा खडपाच्या तोंडाशी यायला लागल्या होत्या. आधी काही हललं नाही, मग वाळूने एकदम सोडलं, आणि बोटीच्या मागच्या लाकडाचा तुकडा, त्यातून आलेला लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला तीन पात्यांचा पंखा बाहेर आला. आम्ही तो तसाच ओढत कोरड्या वाळूवर नेला. जनार्दनच्या बायकोने त्यावर बादलीने पाणी ओतलं.

पंखा आणि लाकूड यांच्या मध्ये दांड्यावर हिरवा नायलॉनचा जाड दोर गुंडाळलेला होता. मोठ्या ट्रॉलरचा असतो तसा, यांच्या बोटीत असा दोर नसतो, असं दोघं-तिघं एकदम म्हणाले. वेढे इतके घट्ट बसले होते की आतला भाग वितळून दगडासारखा झाला होता. मिस्टरांनी पंखा हाताने फिरवून बघितला. तो तसूभर हलला नाही.

"यात कुठलंही इंजिन बंद पडलं असतं," ते म्हणाले. "नवं असतं तरी."

जनार्दन वाळूत बसला. तेवढ्यात बायका बाजूला झाल्या, आणि मी वळून बघितलं तर सुनीता आली होती. सासूचा हात धरून. म्हातारीने आणलं की ती स्वतः आली, ते मला कळलं नाही.

ती पंख्याजवळ उकिडवी बसली. मच्छीमाराची मुलगी, मच्छीमाराची बायको, तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने दोराच्या वेढ्यांवरून अंगठा फिरवला. एका जागी थांबली. कमरेला खोचलेला पदर सोडून तिने ती जागा पुसली आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. वरचे वेढे कापलेले होते. लाटांनी झिजलेले नव्हते, तुटलेलेही नव्हते. धारेने सरळ कापलेले, एकाखाली एक. खाली एकच वेढा शाबूत होता, आणि त्याचेही काही पेड कापले गेले होते.

तिने खूप वेळ वर बघितलं नाही. मग दिराकडे बघितलं. त्या बाईला मी तीन दिवसांत त्या माणसाकडे बघताना पहिल्यांदाच पाहत होते.

"किती वेळा वर आला होता?"

"दोनदा," जनार्दन म्हणाला. "मी नांगराचा दोर धरून होतो. सोडला असता तर बोट तिथंच गेली असती. दोनदा वर आला, श्वास घेतला, परत गेला. मी म्हणालो, राहू दे, चढ वर."

"काही बोलला?"

"म्हणाला, थोडाच राहिलाय."

सुनीताने मान हलवली, जणू ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. "मग?"

"मग ती लाट आली. बोट उचलून खडपावर टाकली. नांगर तुटला. मी पाण्यात त्याला हाका मारत होतो. खडपाला धरून होतो. मग हात सुटला."

सासू वाळूत बसून रडायला लागली, आणि जनार्दनची बायको तिच्याजवळ गेली. सुनीता रडली नाही. ती त्याला अजून विचारत होती, वारा कुठून होता, सुरी कोणती होती, पाण्यात उतरताना त्याने सदरा काढला होता का. तो एकेक सांगत होता. बघायला आलेली माणसं हळूहळू पांगली. मिस्टर मशीन उचलून बाजूला जाऊन उभे राहिले. समुद्र वर यायला लागला तरी ते दोघं तिथेच होते, शेवटी पाणी पायांना लागलं तेव्हा पंखा उरलेल्या सगळ्यांनी उचलून घरी आणला.

दुपारी पान ठेवायचं होतं. वर्ष झालेलं, म्हणून प्रकाशचं हे पहिलंच. आमच्याकडे सर्वपित्रीला भोपळा, गवार, कढी, वडे, खीर. मासळीचं नावही नको. इथे सुनीताने तळलेला सरंगा, कोलंबीचं कालवण आणि तांदळाचे वडे केले होते. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मासे मारणारा माणूस. त्याला भेंडी कशाला घालू?" मला ते पटलं. घरी गेल्यावर आमच्या सासऱ्यांच्या पानाबद्दल मी जरा वेगळा विचार करणार आहे, त्यांना चहा फार लागायचा.

पान अंगणाच्या भिंतीवर जनार्दनने ठेवलं. सुनीतानेच त्याला हाक मारली होती, "भाऊजी, तुम्ही ठेवा," एवढंच. कावळ्यांना तिथे मासळीची सवय. त्यांनी कोणाला तिष्ठत ठेवलं नाही. मी माझ्या वालाच्या बिरड्यावर जेवले. दोन्ही चुलींवरचं अन्न एकाच ओट्यावर वाढलं गेलं.

आम्हाला निघायचं होतं. मिस्टर गाडीत सामान भरत होते. तोवर डहाणूचा एक भंगारवाला बातमी ऐकून येऊन ठेपला होता. पंख्याचं पितळ चांगलं आहे, तो म्हणाला, आणि मोबाइलवर वजनाचा हिशेब करायला लागला. जनार्दनने सुनीताकडे बघितलं. "तुझं हाय ते. तू सांग."

"विकायचा नाही," ती म्हणाली. "नव्या बोटीला हाच लावायचा."

"कुठली नवी बोट? मी आता बोट करत नाय."

"मी करतेय. बँकेत विचारून आलेय मागेच." ती ओट्याच्या पायरीवर बसली होती, हातात उष्टी ताटं. "चालवणार कोण, ते तुम्ही सांगा."

भंगारवाला दोघांकडे बघत राहिला. मिस्टरांनी डिकी लावली आणि हात पुसत उभे राहिले. जनार्दन वळला. तो घरात गेला, आणि मला वाटलं, गेला, आता येत नाही. पण तो जाळी कापायची सुरी आणि पाण्याचा दगड घेऊन बाहेर आला. पंख्यापाशी मांडी घातली, सुरीला धार लावली, आणि दांड्यावरचा तो शेवटचा वेढा कापायला घेतला. वितळलेला दोर, सहज कापला जात नव्हता. पंखा जमिनीवर हलायला लागला. सुनीताने ताटं खाली ठेवली, पुढे होऊन दोन्ही हातांनी पंख्याची पाती घट्ट धरली, आणि तो कापत राहिला.